आढीच्या खोलीतले बाबा

चिखल्याच्या आमच्या घरात दर आढीचा पहिला चिकू बाबा चाखत. चाखत म्हणजे अर्धा चावून खात आणि उरलेला अर्धा, दातांच्या खुणांसकट, आईच्या हातावर ठेवत. आई तो तोंडात टाकायची, बी तळहातावर काढायची आणि निकाल द्यायची, "उद्या काढा," नाहीतर "अजून दोन दिवस राहू द्या." त्या निकालावर अपील नव्हतं. बाबांचा जन्म तळासरी तालुक्यातल्या शाळांत प्राथमिक शिक्षक म्हणून गेला, मुलांचे निकाल लावता लावता केस पांढरे झाले, पण घरच्या चिकूचा निकाल लावायला त्यांना बायको लागते, असं मी त्यांना चिडवायचे. ते हसून म्हणायचे, "मला सगळेच गोड लागतात गं. जीभ खरी तिचीच."

चिकू झाडावर खाण्यासारखा होत नाही, तो उतरवून पिकवावा लागतो. मोठे वाडीवाले कच्चाच माल भरून पाठवतात. आमची वाडी लहान, त्यामुळे थोडा माल घरी पिकवून पाहुण्यांना आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांना द्यायचा. घराच्या मागे विहिरीपाशी एक बुटकी खोली होती, एक दार, खिडकी नाही. खाली भाताचा पेंढा, त्यावर चिकू, वर पुन्हा पेंढा आणि सगळ्यावर गोणपाट, ही आढी. पेंढ्याच्या बाबतीत बाबांचं एक ठाम मत होतं. नवा पेंढा थंड, जुन्याला ऊब. म्हणून गेल्या वर्षीचा पेंढा ते टाकून देत नसत. पावसाळ्यात तो दमट व्हायचा, दिवाळीनंतर उन्हात पसरायचा, झटकला की राखेसारखी पूड उडायची. आम्ही शिंका देत पळायचो आणि बाबा त्या पुडीत उभे राहून आम्हाला नाजूक म्हणायचे.

मी तेव्हा सरावलीला सासरी राहत होते आणि रोज झरीच्या शाळेत विज्ञान शिकवायला जात होते. माझा स्वभाव बाबांवर गेला आहे असं आई म्हणते, म्हणजे तोंडावर खरं बोलून मोकळं होण्याचा. नवऱ्याच्या मते हा स्वभाव नाही, रोग आहे. असो. दोन हजार सोळाचा पाऊस सरला आणि बाबांचा खोकला सुरू झाला, तेव्हाही पहिल्यांदा मीच बोलले, की तपासून घ्या. वजन उतरत होतं, सदऱ्याच्या बाह्या लोंबायला लागल्या होत्या. बाबांनी त्या दुमडून घेतल्या. मग एकदा रुमालावर रक्ताची रेघ आली आणि त्यांनी स्वतःच निदान करून टाकलं.

याला कारण होतं. मी शाळकरी असताना बाबांना टीबी झाला होता. तळासरीच्या आतल्या भागात नोकरी, खाण्यापिण्याची आबाळ, सगळं आलं त्यात. त्यांनी औषधं पुरी घेतली, एक दिवस चुकवला नाही. आणि त्यांची औषधं संपली त्याच महिन्यात आई खोकायला लागली. तीही बरी झाली, धडधाकट झाली, पण बाबांनी ते कधी मनातून काढलं नाही. त्यानंतर ते टीबीचे प्रचारकच झाले. पाड्यापाड्यांत फिरून सांगायचे, खोकला राहिला तर बेडका तपासा, लाजू नका, औषध मधेच सोडू नका. माणसाला हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेऊन बसवायचे. सगळ्या जगाला समजावणाऱ्या या माणसाला रुमालावर ती रेघ दिसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली वळकटी, ताट आणि पेला उचलला आणि आढीच्या खोलीत राहायला गेले.

आई दारात उभी राहून म्हणाली, "घरात काय जागा कमी पडली?"

"तुला पुन्हा होऊ द्यायचा नाहीये," बाबा म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

शेजारीपाजारी सगळ्यांना ही व्यवस्था पसंत पडली. छातीच्या माणसाला वारा लागू द्यायचा नाही, त्यातून समुद्रावरचा वारा तर मुळीच नाही, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालासुद्धा माहीत असतं. आढीच्या खोलीइतकी उबदार, बिनवाऱ्याची जागा सबंध आळीत दुसरी नव्हती. एका काकूंनी तर आईला सांगितलं, मास्तरांनी बरोबर विचार केलाय. आईने त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

बेडका तपासला, काही निघालं नाही. पुन्हा तपासला. मशीनवरची नवी तपासणी केली, तीही कोरी आली. डहाणूतल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला. उजव्या फुप्फुसात वरच्या अंगाला, जुन्या टीबीने जिथे पोकळी केली होती तिथेच, सावली दिसत होती. ते म्हणाले, कधी कधी बेडक्यात येत नाही, पण लक्षणं सगळी तीच आहेत, औषधं सुरू करू. मी त्यांना दोष देत नाही. आमच्या भागात छाती म्हटलं की टीबी, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. गोळ्या सुरू झाल्या, लघवी केशरी झाली आणि बाबा खूश झाले. म्हणाले, "लागू पडतंय बघ."

लागू काही पडत नव्हतं. थंडी गेली, उन्हाळा आला, बाबा वाळतच चालले. आई दोन वेळा ताट उंबऱ्यावर ठेवायची, ते आतून घ्यायचे. ताट-पेला स्वतः विहिरीवर घासायचे. माझी मुलगी आजोबांना लांबून हात करायची. आणि आढी चालूच होती, कारण बाबांना रिकामं बसवत नाही. पेंढा झटकणं, चिकू लावणं, गोणपाट टाकणं, सगळं झोपायच्या जागेपासून चार हातांवर. पहिला चिकू ते आता एकटेच चाखायचे. अर्धा खायचे आणि उरलेला अर्धा विहिरीमागच्या खड्ड्यात फेकायचे.

आई या सगळ्यावर एकदाच बोलली. भांडी लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो अर्धा चिकू फेकतात ना, तेव्हा वाटतं मी मेले आणि यांनी मला सांगितलंच नाही."

मला फार वाईट वाटलं आणि तितकाच रागही आला. आजाराचा राग नाही, आजार येतात. राग त्या लोटलेल्या दाराचा. बाबा बरे व्हावेत हे तर होतंच, पण ते घरात परत यावेत, ताट-पेल्यासकट, हे मला त्याहून निकडीचं वाटायला लागलं. माणूस जगतोय पण विहिरीपलीकडे, असं किती दिवस चालायचं?

मग एका रविवारी मी तिथेच होते. बाबा नव्या आढीसाठी पेंढा झटकत होते आणि खोकल्याची उबळ आली. ते खाली बसले. मी तांब्या घेऊन धावले तर समोरच्या घमेल्यात लालभडक रक्त, रेघबीघ नाही, चांगलं पेलाभर. मी त्यांना धरायला गेले तर त्या अवस्थेतही ते हाताने मला मागे सारत होते, "लांब राहा, लांब राहा." आई माझ्या अंगावरून पुढे गेली आणि त्यांचं डोकं तिने सरळ मांडीवर घेतलं. तिला मागे सारायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

गाडी केली आणि वलसाडला नेलं. आमच्याकडची निम्मी माणसं मोठ्या दुखण्याला तिकडेच जातात. छातीच्या डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होत्या, बोलायला सुरुवात गुजरातीत करायच्या आणि वाक्य मराठीत संपवायच्या. रक्त थांबवायचं औषध दिलं, दाखल करून घेतलं, दुसऱ्या दिवशी स्कॅन काढला. एकदा पाठीवर झोपवून आणि मग, का ते आम्हाला कळेना, पुन्हा पोटावर झोपवून.

संध्याकाळी त्यांनी आम्हा तिघांना बोलावून दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवली. पहिल्यात त्या जुन्या पोकळीच्या तळाशी एक पांढरा गोळा बसला होता, वर हवेची चंद्रकोर. दुसऱ्यात तोच गोळा घरंगळून समोरच्या भिंतीला लागला होता.

"काका, आ टीबी नथी," त्या म्हणाल्या. "टीबी असा हलत नाही. ही बुरशी आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. जुना टीबी बरा झाला तेव्हा फुप्फुसात एक रिकामी खोली ठेवून गेला. बुरशीचे कण तर सगळ्यांच्याच श्वासात जातात, धडधाकट छाती ते काढून टाकते. पण इथे तिला रिकामी खोली मिळाली, तिने बिऱ्हाड थाटलं, वाढता वाढता तिचा गोळा झाला. आजूबाजूच्या रक्तवाहिन्या सुजल्या की रक्त येतं. रक्ताची एक तपासणी पाठवली आहे, पण चित्र पुरेसं बोलकं आहे. टीबीच्या गोळ्या आजपासून बंद.

"काका, तुम्ही झोपता कुठे?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

बाबांनी जरा अभिमानानेच सांगितलं. वेगळी खोली, कुणाचा संपर्क नाही, वारा नाही.

"बरं. आणि त्या खोलीत काय असतं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. उत्तर आईने दिलं, "पेंढा. जुना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पेंढ्यातूनच आली असं मी नाही म्हणणार," त्या म्हणाल्या, "बुरशी सगळीकडे असते. पण काका, ती तुमच्याकडे राहायला आली आणि तुम्ही तिच्या घरी राहायला गेलात."

मी रागाने लाल झाले, आणि कुणावर रागवायचं तेच कळेना. कुणाला लागू नये म्हणून जो माणूस घर सोडून गेला, तो त्यापायीच दिवसरात्र त्या पुडीत श्वास घेत होता. याहून जास्त प्रेमाने माणूस स्वतःचं इतकं नुकसान करू शकेल असं मला वाटत नाही.

बाबांनी फक्त एकच प्रश्न विचारला. आईकडे बोट करून म्हणाले, "हिला होईल?"

"नाही. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवा."

बाबांनी मान हलवली. ती मान मला ओळखीची होती. शाळा तपासायला आलेल्या साहेबाने काही सूचना केली की बाबा अशीच मान हलवत, आणि साहेबाची गाडी वळणाआड गेली की स्वतःला पटेल तेच करत.

पुढचं सगळं कंटाळवाणं आणि लांबलचक. शस्त्रक्रियेने गोळा काढता येतो, पण बाबांचं उरलेलं फुप्फुस ती सोसणार नाही असं सर्जन म्हणाले. म्हणजे औषध, आणि तेही महिनोन्महिने. कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, पायांना सूज येते का बघायचं, यकृताची तपासणी करत राहायची. काही आठवड्यांनी औषध रक्तात किती उतरलंय ते मोजलं तर जवळजवळ नाहीच. डॉक्टर चक्रावल्या. घेताय ना काका? घेतोय. जेवून? जेवून. मग सकाळी उठल्यापासून काय काय घेता ते सगळं सांगा, म्हणाल्या. बाबांनी सांगायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात चोर सापडला. बाबा सकाळी उठल्या उठल्या गॅसची गोळी घेत. वर्षानुवर्षं घेत होते, आमच्याकडे निम्मं गाव घेतं, तिला कुणी औषध समजतच नाही. ही कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागतं आणि गॅसची गोळी तेच मारून टाकते. गोळी बंद झाली आणि वर डॉक्टरांनी सांगितलं, कॅप्सूल काळ्या थंड पेयाबरोबर घ्या, त्यात आम्ल असतं. हयातभर पोरांना थंड पेयांचे दुष्परिणाम शिकवलेले आमचे मास्तर जेवण झालं की बाटलीचं झाकण फिरवायचे, तेव्हा माझी मुलगी टाळ्या पिटायची. पुढच्या तपासणीत औषध रक्तात दिसलं.

बाबा दवाखान्यात होते तेव्हाच आईने पेंढा उचलून वाडीबाहेर टाकायला लावला होता आणि खोलीला चुना मारून घेतला होता. आढी आता पडवीत, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, खाली-वर वर्तमानपत्र घालून. ती आईने ताब्यात घेतली. वर्तमानपत्राला ऊब नसते, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. पण खोकला उतरला, अंगावर मूठभर मांस चढलं, सदरे पुन्हा अंगाला नीट बसले. नव्या स्कॅनमध्ये गोळा होता तिथेच होता, मात्र भोवतालची सूज गेली होती. "गोळा राहणार," डॉक्टर म्हणाल्या, "पण शांत बसलाय. बसू द्या." पुन्हा रक्त आलं तर मुंबईला नेऊन गोळ्याभोवतीची रक्तवाहिनी बुजवावी लागेल, हेही त्यांनी सांगून ठेवलं. त्यासाठी कपडे भरलेली एक पिशवी आईने कपाटात कायमची ठेवली.

आणि तरी बाबा घरात आले नाहीत. आढीच्या खोलीतून निघाले ते ओटीवर थांबले. ताट वेगळं, पेला वेगळा. पहिला चिकू आई आणून द्यायची, तेव्हा ते सुरीने त्याचे दोन भाग करायचे, एक स्वतः घ्यायचे आणि दुसरा, न शिवलेला, तिच्यापुढे धरायचे.

"कापलेला मला नको," आई म्हणायची आणि आत जायची. तो अर्धा मग माझ्या वाट्याला यायचा.

शेवटी मी भांडले. सुरीने कापल्यासारखं स्वच्छ बोलले, की बाबा, तुम्ही पाड्यापाड्यांत जाऊन सांगायचात रिपोर्टवर विश्वास ठेवा, आता स्वतःचा रिपोर्ट हातात आहे तर ही काय सोंगं? मी विज्ञान शिकवते, चौथीतल्या पोराला समजेल अशा भाषेत समजावलं.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तेव्हाही डॉक्टरांनी सांगितलं होतं, मास्तर, आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही. मी त्याच दिवशी घरी येऊन हिच्याबरोबर एका ताटात जेवलो होतो. आणि महिना सरायच्या आत ही आजारी पडली."

तिला लागण त्याआधीच झालेली असणार, मी म्हटलं. दोघांत फार दिवसांचं अंतर असू शकतं.

"असेल," बाबा म्हणाले. "पण मी तिला रात्ररात्र खोकताना ऐकलंय. तू झोपलेली असायचीस."

मी आत गेले. आई स्वयंपाकघरात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती हातातली सुरी उलटसुलट करून बघत होती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, दोन हजार एकोणीस लागलं होतं, मी दुपारची चिखल्याला गेले. बाबा ओटीवर पेपर वाचत बसले होते. आई पडवीतून क्रेट घेऊन आली, खाली ठेवली, एक चिकू उचलून पदराला पुसला आणि बाबांना दिला.

"सुरी?" बाबा म्हणाले.

"धार लावायला दिलीय."

विळी आण म्हणायचं बाबांना सुचलं नाही, की आईचा चेहरा बघून त्यांनी म्हटलं नाही, कोण जाणे. त्यांनी चिकू चावला. "साखर आहे," म्हणाले आणि उरलेला अर्धा अंगणात भिरकावायला हात मागे नेला. आईने तो हात तसाच धरला, त्यातून चिकू काढून घेतला आणि तोंडात टाकला.

बाबा अर्धवट उठले. आई स्वस्थपणे चावत राहिली, तळहातावर बी काढली, बीकडे बघितलं आणि निकाल दिला.

"कच्चा आहे."

"कच्चा?"

"तुरट लागतोय. अजून दोन दिवस राहू दे."

"अगं, साखर आहे तो! तुझ्या जिभेला झालंय तरी काय?"

"माझ्या जिभेला काही झालेलं नाही. तुमचीच गेलीय, त्या कॅप्सुलांनी."

बाबांचा चेहरा लाल झाला. या घरात त्यांचा आजार, त्यांची वळकटी, त्यांचा पेला, सगळ्यावरून बोललेलं त्यांनी ऐकून घेतलं होतं, पण पिकलेल्या चिकूला कच्चा म्हणणं त्यांच्याने सोसवेना. त्यांनी क्रेटमधून दुसरा उचलला, कचकन चावला आणि उरलेला अर्धा आईच्या तोंडासमोर धरला.

"हा घे. हा बघ. हा कच्चा आहे?"

दातांच्या खुणा मला बसल्या जागेवरून दिसत होत्या. आईने तो घेतला आणि अगदी हळूहळू खाल्ला. "हा बरा आहे," ती म्हणाली. "पण पहिला कच्चाच होता."

"ए, तू खाऊन बघ," बाबा माझ्यावर ओरडले. "तू खरं सांगशील."

मी क्रेटमधून एक उचलून चावला. इतका पिकलेला होता की साल बोटांना चिकटून आली. आई माझ्याकडे बघत होती.

"कच्चा आहे, बाबा," मी म्हणाले.

बाबांनी कपाळाला हात लावला आणि आईसाठी तिसरा चिकू उचलला.